टाका दिसतो वर, ठरतो खालच्या बोटावर

प्रश्न थोडक्यात असा: विक्रोळीच्या एका ताईंना आईच्या तीन सुती साड्यांची गोधडी हाताने शिवायची आहे. व्हिडिओ बघून त्यांनी सुरुवात केली. हातभर शिवून झाल्यावर टाके कुठे लांब, कुठे आखूड दिसतात. उलटं करून पाहिलं तर मागे मधले मधले टाके पडलेलेच नाहीत. ओळ जशी पुढे जाते तसं वरचं कापड पुढे गोळा होतं. घर लहान, पसरायला जागा बेताची. नेमकं काय चुकतंय, आणि शिवलेलं उसवायचं का?

ताई, तुम्ही सांगितलेल्या तिन्ही खोडी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांची मुळं दोनच आहेत. कापड गोळा होतंय कारण थर एकमेकांना नीट बांधलेले नाहीत. टाके असमान पडतायत आणि मागून चुकतायत कारण सुई तिरकी जातेय आणि खालचा हात नुसता कापड धरून बसलाय. धावदोरा शिवताना आपण सगळं लक्ष वरच्या हाताला देतो. टाक्याचं माप मात्र कापडाखालचं बोट ठरवतं, ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून व्हिडिओतून उचलता येत नाही.

आधी साड्यांकडे वळू. फॉल आणि पिको आधी उसवून काढा. फॉल बहुधा वेगळ्या कापडाचा असतो, धुतल्यावर साडीपेक्षा वेगळा आटतो आणि तेवढी पट्टी कायम सुरकुतलेली राहते. काठ कापून बाजूला ठेवा. काठाची वीण दाट असते, त्यात जरीचा धागा असेल तर सुई अडते आणि तिथला प्रत्येक टाका लांब पडतो. हेच काठ शेवटी कडेच्या पट्टीला वापरता येतात. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने प्रत्येक साडी चोळून पाहा. फडक्याला रंग लागला तर ती साडी वेगळ्या बादलीत, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायची. कापडाचा दमही बघायचा: दोन्ही अंगठे पाच सेंटिमीटर अंतरावर ठेवून कापड आडवं-उभं ताणा. चर्र असा आवाज आला तर तो भाग आतल्या थरात घाला, बाहेरच्या दोन थरांना सगळ्यात धड कापड द्या. साडी खरंच सुती आहे का अशी शंका असेल तर एक धागा ओढून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. मिश्र कापड गोधडीत घालू नका, ते सुतासारखं आटत नाही.

आता कापणी. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि 115 सेंटिमीटर पन्ह्याची. काठ गेले की पन्हा उरतो 105 च्या आसपास. प्रत्येक साडीतून 215 सेंटिमीटरचे दोन तुकडे निघतात, म्हणजे तीन साड्यांचे सहा. त्यातले चार अख्खे ठेवा, उरलेल्या दोनांच्या उभ्या तीन-तीन पट्ट्या करा, प्रत्येकी 35 सेंटिमीटर रुंद. एक अख्खा तुकडा आणि एक पट्टी जोडली की एक थर झाला. सहातल्या चार पट्ट्या लागल्या, दोन उरल्या, त्या सरावाला. अशी 135 बाय 210 सेंटिमीटरची चार थरांची गोधडी होते. मुंबईच्या हवेला चार थर पुष्कळ झाले. सहा-सात थरांची वाकळ देशावरच्या थंडीसाठी ठीक, आणि पहिल्याच गोधडीला सहा थरांतून सुई काढणं म्हणजे टाके बिघडायला आमंत्रण. जोड मशिनवर मारा, शिवण उघडून इस्त्रीने सपाट करा. एक खबरदारी घ्याच: एका थराची पट्टी डावीकडे आली तर पुढच्या थराची उजवीकडे. सगळे जोड एकावर एक आले की तिथे आठ पदरांचा कणा तयार होतो आणि सुई मोडते. सगळ्या थरांचा उभा धागा एकाच दिशेला ठेवा.

जागेचं म्हणाल तर 135 बाय 210 म्हणजे साडेचार फूट बाय सात फूट. मधलं टेबल हलवलं तर बहुतेक घरांत एवढी फरशी निघते. पलंगावर पसरू नका. गादी दबते, थरांना झोळ पडतो आणि तो झोळच तुम्ही शिवून टाकता. फरशीच्या सांध्यांचा मात्र फायदा घ्या. लादीचा सांधा हा काटकोन बघायचा फुकटचा गुण्या आहे. सगळ्यात खालच्या थराची कड सांध्याला लावा, चारी बाजूंनी कागदी चिकटपट्टीने फरशीला चिकटवा, सुरकुती जाईल इतपतच ताणून. वरचे थर एकेक करून अंथरा आणि तळहाताने मधून कडेकडे सारवल्यासारखा हात फिरवा. एवढीही जागा नसेल तर प्रत्येक थर मधोमध दुमडून मधली घडी पाडून घ्या, सगळ्या घड्या एकाच सांध्यावर आणा, एक अर्धा पसरून बांधा. मग सगळं सरकवून दुसऱ्या अर्ध्याचे थर खालून एकेक उलगडत पसरा आणि तोही बांधा.

बांधणं म्हणजे कच्चा दोरा, थर धरून ठेवणारे आणि शेवटी काढून टाकायचे लांब टाके. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग कापड गोळा होतं म्हणून रडतात. जुन्या हाताच्या बायका कच्चा दोरा न घालता कडेपासून आत गोल-गोल शिवत येतात हे खरं, पण प्रत्येक वितीला त्यांचा तळहात कापडावरून फिरत असतो आणि वाढलेलं कापड त्या तिथल्या तिथे वाटून टाकतात. ते हाताला लागायला वेळ जातो. तोवर कच्चा दोरा घाला. पांढरा साधा दोरा घ्या, रंगीत नको, त्याचे तंतू मागे राहतात. टाके तीन-चार सेंटिमीटरचे, सुरुवात मध्यातून, आधी अधिक चिन्हासारख्या दोन ओळी, मग त्यांना समांतर. दोन ओळींत दहा सेंटिमीटरच्या वर अंतर नको. कापडावर कुठेही मूठ ठेवली तर तिच्याखाली कच्चा दोरा सापडला पाहिजे. सुई फरशीला टेकून पुन्हा वर येताना बोटांनी उचलायला जाऊ नका. डाव्या हातात चहाचा चमचा धरा, त्याची कड कापडावर दाबा, सुईचं टोक त्या कडेवर चढतं आणि अलगद वर येतं. नखं वाचतात, थरही हलत नाहीत. सेफ्टी पिना लावून काम भागवू नका. मुंबईच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, पिनांना गंज धरतो आणि सुती कापडावरचा गंजाचा ठिपका साध्या धुण्याने जात नाही.

सुई आणि दोरा यांची जोडी जमली पाहिजे. तुम्ही लिहिलंय की दाभणासारखी मोठी सुई घेतली. ती ठेवून द्या. लांब सुई वाकते, जाड सुई भोक मोठं करते आणि त्या भोकात टाका डुगडुगतो. चार थरांच्या साडीला जाडसर पर्ल कॉटन (भरतकामाचा पीळदार सुती दोरा) वापरणार असाल, 8 नंबरचं, तर कशिद्याची 5 किंवा 6 नंबरची सुई पुरते. बारीक दोऱ्याने दाट शिवायचं असेल तर ‘बिटवीन्स’ नावाने मिळणाऱ्या आखूड सुया घ्या. नंबर जितका मोठा तितकी सुई लहान आणि बारीक, म्हणून शिकताना 7 किंवा 8, हात बसला की 9. पर्ल कॉटनचंही असंच आहे: 5 नंबर जाड, 12 बारीक. पॉलिस्टरचा दोरा जुन्या साडीला नको. दोरा कापडापेक्षा मजबूत असला की ओढ बसल्यावर दोरा तुटत नाही, कापड फाटतं. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो.

हे सगळं दादरला किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या लेस-बटणांच्या दुकानांत मिळतं. अस्तराला किंवा सरावाला नवं कापड हवं असेल तर मंगलदास मार्केट आहेच, रविवार सोडून जा. कोपऱ्यावरच्या मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजचं अस्तर घेतलंत तर घरी येऊन वर सांगितलेली धागा जाळायची परीक्षा करा. नवं कापड कोमट पाण्यात भिजवून, खळ काढूनच वापरायचं.

दोऱ्याचा हिशेब: ओळी दीड सेंटिमीटर अंतरावर घातल्या तर 135 सेंटिमीटरमध्ये 90 ओळी बसतात, प्रत्येकी 210 सेंटिमीटरची, म्हणजे 189 मीटर शिवण. दोरा वर-खाली जातो, त्यात वाया जाणारी टोकं धरा, साधारण 260 मीटर लागतो. पर्ल कॉटनच्या दहा ग्रॅमच्या गुंडीत 80 ते 85 मीटर असतो, तेव्हा चार गुंड्या एकदमच आणा. नंतर आणलेल्या गुंडीची छटा फसते. हात बसल्यावर मीटरला दहा मिनिटं धरली तर रोज अर्धा तास बसून दोन महिन्यांचं काम आहे. पहिला आठवडा-पंधरवडा याहून हळू जाईल.

आता खरा मुद्दा, टाका. उरलेल्या दोन पट्ट्यांतून 30 बाय 30 सेंटिमीटरचे तुकडे काढून चार थर रचा. वरचा थर बारीक चौकडीच्या कापडाचा घेता आला तर उत्तम. पाच मिलिमीटरची चौकडी असेल तर एक घर वर, एक घर खाली, माप आयतं मिळतं. दोरा कापडाच्या रंगाशी भांडणारा घ्या, पांढऱ्यावर लाल. चुका दिसायला हव्यात. उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान घाला, शिंपी घालतात ती धातूची टोपी. पहिले दोन दिवस ती अडचण वाटेल, पण तिच्याशिवाय सुईच्या मागच्या टोकावर सारखा जोर येत नाही आणि बोट दुखलं की टाके लांबायला लागतात. टोपी बोटावर सैल असेल तर आत कापसाचा पातळ बोळा.

दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, थोडा जास्त चालेल, साठ सेंटिमीटरच्या वर नाही. लांब दोरा प्रत्येक वेळी कापडातून घासतो, विरतो आणि पीळ खाऊन गाठी पाडतो. मधूनच सुई सोडून दोऱ्याला लोंबू द्या, तो स्वतःच गिरक्या घेऊन पीळ उलगडतो.

कापड मांडीवर, डावा हात खाली, मधलं बोट ओळीच्या बरोबर खाली. सुई ओळीवर उभी करा, अगदी खांबासारखी, आणि टोपीच्या बोटाने दाबा. खालच्या बोटाला टोक टोचेल असं वाटण्याआधी, नुसतं लागल्यासारखं झालं की थांबा. हा क्षण महत्त्वाचा आहे. टोक लागलं याचा अर्थ चारही थर ओलांडले गेले. आता खालच्या बोटाने कापडाला खालून हलका उंचवटा द्या, त्याच वेळी उजव्या अंगठ्याने सुईच्या पुढचं कापड दाबा आणि सुईचं मागचं टोक मागे झुकवा. टोक उंचवट्यावरून वर येतं. दीड-दोन मिलिमीटर चकाकलं की पुरे, लगेच सुई पुन्हा उभी आणि पुन्हा खाली. सुई झोक्यासारखी मागे-पुढे होते, बोट तिला खालून परत पाठवतं. असे तीन ते चार टाके सुईवर आले की मग ओढा. सुरुवातीला दोनच घ्या.

तुमच्याकडे काय होत असणार ते सांगते. सुई आडवी-तिरकी घातली की ती चार थरांतून लांबचा रस्ता धरते. वर टाका मोठा दिसतो, खाली मोहरीएवढा किंवा काहीच नाही, कारण खालच्या थराला स्पर्श न करताच टोक परत फिरतं. एकदा सुई उभी ठेवायला शिकलात की मागचा टाका पुढच्याएवढा होतो, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

खालचं बोट टोचून घेतं, हे टळत नाही. आठवड्याभरात तिथली कातडी निबर होते. तोवर एक पदर पातळ चिकटपट्टी लावा. जाड काही गुंडाळलंत तर टोक लागलेलं कळणार नाही आणि तुम्ही परत होता तिथे. रक्ताचा ठिपका पडला तर त्याच क्षणी थंड पाणी. गरम पाण्याने तो पक्का बसतो.

टाका किती लहान हवा? चार थरांना पाच मिलिमीटर टाका आणि पाच मिलिमीटर मोकळी जागा हे चांगलं माप आहे. पट्टी ठेवून पाच सेंटिमीटरमध्ये वर दिसणारे टाके मोजा, पाच यायला हवेत. तेवढेच खाली मोजा. तीन पातळ थर असतील तर सरावाने पाच सेंटिमीटरमध्ये आठपर्यंत जाता येतं. पण घाई नको. पाच-पाच-पाच असे येणारे मोठे टाके डोळ्याला शांत वाटतात. आठ, मग सहा, मग नऊ अशी बारीक शिवण विस्कटलेलीच दिसते. लोक टाका मोजतात आणि मधली जागा विसरतात. ओळ अडखळल्यासारखी दिसत असेल तर नीट बघा, बऱ्याचदा टाके सारखेच असतात, जागा कमी-जास्त असते. चौकडीच्या कापडावर चार-पाच ओळी झाल्या की ते सोडा आणि साध्या कापडावर या, नाहीतर हात चौकटींशिवाय चालणार नाही.

ओळ सरळ येण्यासाठी नजर सुईवर नको, तीन-चार सेंटिमीटर पुढे ठेवा. खुणेला शिंप्याचा खडू किंवा नुसती बोथट सुई पट्टीला लावून ओढा, सुती कापडावर तिची रेघ काम होईपर्यंत टिकते. इस्त्रीने पुसली जाणारी पेनं टाळा. त्यांची शाई थंडाव्यात पुन्हा उमटते आणि गडद कापडावर फिकट माग राहतो.

ओढ किती द्यायची ते मोजून ठरवा. पन्नास सेंटिमीटरची रेघ आखा, शिवा, अंगठ्याने ओळ सपाट करून पुन्हा मोजा. साडेएकोणपन्नास आली तर उत्तम, एकोणपन्नासही चालेल. अठ्ठेचाळीस आली तर तुम्ही दोरा आवळताय. प्रत्येक ओढीनंतर शिवलेल्या भागावरून अंगठा फिरवायची सवय लावा, दोरा जागेवर बसतो. धुतल्यावर गोधडीला ज्या बारीक लाटा येतात त्या सुंदरच असतात, आवळल्याने येणाऱ्या चुण्या वेगळ्या, त्या ओबडधोबड आणि एकाच बाजूला कललेल्या. चार थरांना चौकट किंवा रिंग लागत नाही. लावलीच तर सैल ठेवा. चामड्यासारखं ताणलेलं कापड असलं की खालच्या बोटाला उंचवटा देता येत नाही.

गाठ वर दिसू देऊ नका. साधारण पद्धत अशी की सुई दोन-तीन सेंटिमीटर आधी घालायची आणि हलका झटका देऊन गाठ थरांच्या आत ओढायची. पण तुमच्या साड्या जुन्या आहेत, झटक्याने वीण उसकते. त्यापेक्षा बिनगाठीचा दोरा थरांमधून तीन सेंटिमीटर आत फिरवून आणा आणि एकाच जागी दोन उलटे टाके घेऊन सुरू करा. संपवताना दहा-बारा सेंटिमीटर दोरा उरला की तसंच.

मोठ्या गोधडीवर ओळी कडेपासून एकामागून एक घालत जाऊ नका. आधी मधली उभी ओळ, मग दोन्ही बाजूंच्या चौथाईवर एकेक, मग त्यांच्या मधली, असं वाटत जा. जादा कापड असलं तर ते सगळीकडे विभागलं जातं, एका टोकाला फुगा येत नाही. दीड सेंटिमीटर अंतर मला चार थरांना योग्य वाटतं. अडीचच्या वर गेलात तर आतले विरलेले थर धुताना सरकतात. रोज बसताना आधी सरावाच्या तुकड्यावर दोन ओळी घाला. पहिल्या ओळीला हात अवघडलेलाच असतो, तो अवघडपणा गोधडीवर नको. उजेड डावीकडून घ्या. डोक्यावरच्या ट्यूबलाइटने आपल्याच हाताची सावली ओळीवर पडते. वीस-पंचवीस मिनिटांनी उठा.

घामाचा हात ही मुंबईची कायमची अडचण. सुई निसटायला लागली की हात धुऊन कोरडे करा, अगदी किंचित टाल्कम पावडर चोळा. सुई चिकटत असेल तर कोरड्या साबणाच्या वडीत एकदा टोचून काढा, पण तशीच खोचून ठेवू नका, गंजते. काम थांबवताना सुई गोधडीत अडकवून ठेवायची नाही, डबीत ठेवायची. पावसाळ्यात अर्धी गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलीत तर बुरशीचे काळे ठिपके येतात. सुती चादरीत गुंडाळा आणि ऊन पडेल त्या दिवशी उलगडा.

कडेला कापलेल्या काठांची पट्टी दुमडून लावा. काठातली जरी टोचरी असेल तर ती अंगाला लागणाऱ्या बाजूला नको. कच्चा दोरा सगळ्यात शेवटी काढायचा, आधी अजिबात नाही.

राहिलं तुम्ही शिवलेल्या हातभर भागाचं. तो मागून उजेडात धरा आणि ओळ-ओळ तपासा. सलग तीनपेक्षा जास्त टाके मागे पडले नसतील, किंवा कापड गोळा होऊन चुणी शिवली गेली असेल, तेवढ्या ओळी काढा. नुसते लांब-आखूड टाके असतील तर ते राहू द्या, धुतल्यावर ते लाटांत मिसळतात. उसवताना दोरा ओढून काढू नका, जुनी वीण फाटते. दर तिसरा टाका बारीक कात्रीच्या टोकाने कापा आणि तुकडे मागच्या बाजूने चिमटीने उचला. भोकं दिसतील. तिथे पाण्याचा हात लावून नखाने आडवं-उभं चोळा, धागे परत जवळ येतात. कापड पूर्ण वाळलं की फरशीवर पसरून कच्चा दोरा घाला, आणि मगच सुई ओवा.